तीन ठिपक्यांचा बुश

दिवाळी अंकाच्या संपादकांनी फोन करून सांगितलं, "चाचा, गॅरेजातल्या गमतीजमती लिहा. चक्रम गिऱ्हाइकं, फजित्या, असलं काहीतरी. दिवाळीत लोकांना हलकंफुलकं लागतं." मी हो म्हणालो. हो म्हणायची सवयच आहे मला, चाळीस वर्षं गिऱ्हाइकांना 'उद्या देतो' म्हणत आलोय. मग वही घेऊन बसलो तर गमती काही आठवेनात. एकच गोष्ट आठवायला लागली आणि ती गमतीची नाही. तरी संपादकांचं मन राखायला थोड्या गमती आधी सांगतो.

मी मूळचा लोणंदचा. अब्बांचं तिथं लेथवर लोखंड कातायचं दुकान होतं. शेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी गाड्यांची कामं करायचो. भावाभावांच्या वाटण्या झाल्या, लेथ भावाकडे गेला आणि सहा वर्षांपूर्वी मी बायकोच्या माहेरी, पलूसला, गॅरेज टाकलं. आता बासष्ट सुरू आहे. गाडीखालच्या खड्ड्यात उतरताना गुडघे बोलतात आणि वर येताना मी बोलतो.

अब्बांची एक खोड होती. हातातून गेलेल्या प्रत्येक तुकड्यावर, मग तो बुश असो की बोल्ट, ते पंचनं तीन बारीक ठिपके मारायचे, चुलीच्या तीन दगडांसारखे मांडून. मी लहानपणी विचारलं होतं, कशाला? तर म्हणाले, "उद्या मोडला तर आपला म्हणून ओळखता आला पाहिजे. दुसऱ्याच्या अंगावर जायला नको." ती खोड माझ्याही हाताला लागली.

पूर्वी आमचं काम कानाचं होतं. इंजिनावर पान्याचं टोक ठेवायचं, दुसरं टोक कानाला लावायचं आणि आतलं दुखणं ऐकायचं. आता गाडीला कॉम्प्युटर आला आणि आमच्या हातात स्कॅनर आला. वायर जोडली की पडद्यावर आजाराचं नाव येतं. गिऱ्हाइकालाही तेच आवडतं. मी कानानं सांगितलं तर तो म्हणतो, बघू. पडद्यानं सांगितलं तर लगेच मान डोलावतो. आणि खोटं कशाला बोलू, मलाही त्याची चटक लागली. पडद्यानं सांगितलं की आपल्यावर जबाबदारी राहत नाही.

आता तुम्हाला थोडी विद्या शिकवतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

पेट्रोल गाडीच्या सायलेन्सरच्या पाइपात, गाडीच्या पोटाखाली, एक फुगीर डबा असतो. त्याला सगळे कॅट म्हणतात. आत चिनी मातीचं पोळं असतं, मधाच्या पोळ्यासारखं बारीक भोकांचं, आणि त्यावर भारी धातूंचा पातळ थर. इंजिनातला घाणेरडा धूर त्यातून जाताना निवळतो. या डब्याच्या आधी एक आणि नंतर एक असे दोन ऑक्सिजन सेन्सर बसवलेले असतात. चाळणीच्या आधीचं पीठ आणि नंतरचं पीठ तपासायला दोन बायका बसवाव्यात तसं. दोघी म्हणाल्या, पीठ सारखंच आहे, की समजायचं चाळणी फाटली. मग कॉम्प्युटर तुमच्यासमोर पिवळी लाइट लावतो, इंजिनाच्या चित्राची.

या पिवळ्या लाइटनं माणसं फार पिसाटतात. आमच्याकडे एक पाटील येतात. त्यांची लाइट लागली, चार महिने लागलेलीच होती. एक दिवस गाडी आणली तर लाइट दिसेना. म्हटलं, "कुणाकडनं करून आणलीत?" तर म्हणाले, "घरातच केली." मी वाकून बघितलं. लाइटवर बायकोची टिकली चिकटवलेली, चांगली मोठी, मरून रंगाची. म्हणाले, "आवं, डोळ्यासमोर लुकलुक करती, जेवान ग्वाड लागत न्हाई." दुसरे एक मास्तर होते. त्यांनी दुसऱ्या गॅरेजात तीनदा मागचा सेन्सर बदलला होता आणि लाइट काही जात नव्हती. मी डब्यावर लाकडी हातोडी मारली. पोळं भरलेलं असलं की ठप्प वाजतं, नसलं की डबड्यासारखं घुमतं. ते घुमलं. म्हटलं, मास्तर, सेन्सर बिचारा खरं सांगतोय आणि तुम्ही त्यालाच बदलताय. आतलं पोळंच गेलंय.

पोळं जातं कुठं? चोरीला. त्यातल्या धातूला भाव आला तशी त्याची गिऱ्हाइकं गावोगाव फिरायला लागली. कोणी उभ्या गाडीखाली शिरून अख्खा डबा कापून नेतो. आमच्याच धंद्यातले काही महाभाग त्याहून सफाईदार काम करतात. गाडी दुरुस्तीला आली की डबा चिरायचा, पोळं काढायचं, रिकामा डबा वेल्डिंगनं परत शिवायचा आणि वर काळा रंग मारायचा. लाइट लागली तरी मालकाला महिनोन्‌महिने पत्ता नसतो. माझ्याकडेही भंगारवाले येतात, गोड बोलतात. मी कधी एक तुकडा विकला नाही. हे मी छाती पुढे काढून सांगायचो. आता तेवढी पुढे निघत नाही.

झाल्या गमती. आता माझ्यावर येतो.

पलूसला एक डॉक्टरबाई आहेत. आठवड्यातून तीन दिवस त्या कवठे महांकाळला दवाखान्यात जातात. लांबचा पल्ला, उन्हाचा रस्ता, म्हणून त्यांनी ड्रायव्हर ठेवला होता, नाना. नाना फौजेतून हवालदार म्हणून उतरलेले. वीस-बावीस वर्षं डोंगरातल्या रस्त्यांवर फौजेचे ट्रक हाकलेले. पांढऱ्या मिशा, इस्त्रीचा शर्ट आणि गाडीत स्वतःचं वेगळं फडकं. बाई दवाखान्यात असायच्या तेवढ्या वेळात हा माणूस गाडीची चाकं पुसायचा. बाईंची मुलगी लहान असताना तिला शाळेतून आणायचं कामही नानाच करायचे. बाई एकदा मला म्हणाल्या होत्या, "चाचा, नाना गाडी चालवत असले की मी मागे निवांत झोपते." ड्रायव्हरला याहून मोठी शाबासकी कुठली?

मागच्या वर्षी त्या गाडीची पिवळी लाइट लागली. दोघं गाडी घेऊन आले. गॅरेजच्या बाकड्यावर तेव्हा आमची नेहमीची तीन माणसं चहा पीत बसली होती. त्यांना गाडीचं काम नसतं, बातम्यांचं असतं. मी स्कॅनर जोडला. मागच्या सेन्सरची तक्रार आली. खड्ड्यात उतरलो, डब्यावर हातोडी मारली. घुमला. बॅटरी धरून बघितलं तर डब्याच्या बगलेला वेल्डिंगची शिवण, वर रंग मारलेली. मागच्या सेन्सरवर पत्र्याचं आवरण होतं, त्याचे नट गंजले होते. नवा डबा मागवायचाच होता, तेव्हाच खोलू, म्हणून मी ते उघडलं नाही. पाच मिनिटांचं नाही, पण अर्ध्या तासाचं काम होतं. मी केलं नाही. कंटाळा केला.

वर येऊन सांगितलं, "मॅडम, आतलं पोळं कुणीतरी काढून नेलंय."

बाई म्हणाल्या, "कधी गेलं असेल? चार वर्षांपूर्वी कराडच्या डीलरकडून घेतली ही गाडी. आधीच गेलेलं असेल का?"

प्रश्न सरळ होता. मी शहाण्यासारखा उलटा प्रश्न केला, "घेतली तेव्हा लाइट लागत होती का?"

"नाही. आत्ता पंधरा दिवसांपूर्वी पहिल्यांदा लागली."

"मग आधी नाही गेलं. पोळं नसतं तर लाइट पहिल्या आठवड्यातच लागली असती. हे तुमच्याकडे आल्यावरच गेलंय."

बाईंनी नानांकडे बघितलं. नाना म्हणाले, "मॅडम, गाडी मी कुनाच्या ताब्यात दिली न्हाई. मागं एकदा कवठ्याला सायलेन्सरचा रबर तुटला, तेवढा घालून घेतला. मी हुबा हुतो तितं."

"किती वेळ लागला होता?" बाईंनी विचारलं.

"दीड-दोन तास. त्येच्याकडं गर्दी हुती."

बाकड्यावरचा एक जण हळूच म्हणाला, "रबराला दोन तास?" दुसरा नुसता खाकरला.

तेव्हा मी गप्प बसायला पाहिजे होतं. मला कुणी विचारलंही नव्हतं. पण स्कॅनर हातात असला की माणसाला आपण कोर्टात बसल्यासारखं वाटायला लागतं. मी हात पुसत म्हणालो, "आता गाडी ज्यांच्या हातात असते त्यांनाच ठाऊक."

नानांचा चेहरा बघितला असता तर मी ते वाक्य गिळलं असतं. मी फडक्याकडे बघत होतो. त्यांनी मला विचारलं, "चाचा, तुमी खातरीनं सांगताय?"

मी म्हणालो, "नाना, मशीन खोटं बोलत नाही."

बाई भांडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. त्यांनी हात पुढे केला आणि नानांनी किल्ली दिली. द्यायच्या आधी शर्टाच्या टोकानं पुसली. बाई म्हणाल्या, "नाना, आज तुम्ही बसनं जा." आणि स्वतः गाडी घेऊन गेल्या. नाना गॅरेजच्या दारात थोडा वेळ उभे राहिले. मी चहा म्हणालो, तर नको म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून ते कामावर नव्हते.

बाकड्यावरच्या तिघांनी ती बातमी कुठं कुठं नेली असेल ते तुम्ही ओळखा. पलूस काय मुंबई आहे? संध्याकाळपर्यंत 'फौजी चोर निघाला' झालं होतं.

महिनाभरानं एका शाळेचा माणूस आला. शाळेच्या बसवर नानांना घ्यायचं जवळपास ठरलं होतं, म्हणून तो चौकशी करत होता. मला म्हणाला, "माणूस कसा हाय?" मी म्हणालो, "माणूस बरा आहे हो. पण बाईंनी काढलंय, ते खरं." झालं. पोरांच्या बसवर असला माणूस कोण घेणार? मी तर एक अक्षर खोटं बोललो नव्हतो.

नवा डबा यायला अडीच महिने लागले. तोवर बाईंनी गाडी तशीच चालवली. डबा आला त्या दिवशी मी सकाळीच खड्ड्यात उतरलो. गंजलेल्या नटांवर तेल सोडलं, पत्र्याचं आवरण काढलं आणि मागच्या सेन्सरला पाना लावला.

सेन्सर थेट पाइपात बसलेला नव्हता. पाइप आणि सेन्सर यांच्या मधे बोटाच्या पेराएवढा एक स्टीलचा बुश होता.

हा बुश म्हणजे काय, ते सांगतो. गाडीच्या कंपनीचा हा भाग नाही. हा आमचा गावठी इलाज. पोळं गेलेलं असलं आणि मालकाला नवा डबा परवडत नसला, की लेथवर असा एक पोकळ बुश कातायचा, त्याला बारीक भोक ठेवायचं आणि सेन्सर त्याच्या डोक्यावर बसवायचा. मग सेन्सर धुराच्या वाटेतून मागे सरकतो. भोकातून येईल तेवढाच धूर त्याला मिळतो, आणि त्याला वाटतं, चाळणी छान चाललीय. कॉम्प्युटर खूष, लाइट बंद. पोळं नसलं तरी बंद. अशी गाडी चार-पाच वर्षं आरामात फिरते. मग कधीतरी भोक काजळीनं बुजतं, सेन्सरला काहीच कळेनासं होतं आणि लाइट परत लागते. इथं तेच झालं होतं.

म्हणजे गाडी बाईंकडे आली तेव्हाच डबा रिकामा होता. लाइट लागत नव्हती ती या बुशामुळे. माझा सगळा हिशेब, 'लाइट नव्हती म्हणजे माल होता', तो या बोटभर तुकड्यानं खोटा पाडला होता. खड्ड्यात उभ्या उभ्या मला आधी रागच आला. म्हटलं, कोण हा चोरावर मोर? बुश फडक्यानं पुसला. काजळी निघाली. खाली तीन ठिपके होते, चुलीच्या दगडांसारखे मांडलेले.

मी खड्ड्याच्या भिंतीला टेकलो. मग सगळं आठवलं, नको तेवढं आठवलं. लोणंदचं माझं शेवटचं वर्ष. कांद्याच्या आडतीतले एक शेठ. त्यांची गाडी कुठं डेंटिंगला महिनाभर होती, परत आली तेव्हा पोळं गायब आणि लाइट चालू. डेंटिंगवाला कानावर हात ठेवत होता. शेठ म्हणाले, "मौला, आता कुठं भांडत बसू? गाडी इकायचीच हाय. तेवढी लाइट घालीव." मी अब्बांच्या लेथवर बसलो आणि बुश कातला. सुरेख काम झालं होतं. चौथ्या दिवशीही लाइट लागली नाही तेव्हा शेठनी पाठ थोपटली, आणि मी खूष झालो. विकत घेणारा कोण असेल, हा विचार माझ्या मनात आला नाही असं म्हणणार होतो. खरं असं की आला होता. मी म्हटलं, आपल्याला काय करायचंय.

पांढऱ्या गाड्या रस्त्यावर थोड्या आहेत का? शेठची तीच गाडी डीलरकडून बाईंकडे आली होती, मी ती ओळखली नाही. पण नंबर एमएच अकरा होता, साताऱ्याकडचा. आमच्या सांगलीकडच्या दहा नंबरच्या गाड्यांत अकरा दिसला की मी कुणालाही छेडतो, "कुठनं आणलं हे पाहुणं?" बाईंनी कराडचं नाव घेतलं तेव्हा 'डीलरकडे कुठनं आली' एवढंच विचारलं असतं तर?

आता वाचणारा म्हणेल, मग चाचा धावत बाईंकडे गेला. नाही गेलो. मी बुश खिशात टाकला, नवा डबा बसवला, सेन्सर बसवला आणि संध्याकाळी गाडी दिली. लाइट गेली. बाई म्हणाल्या, "सुटले एकदाची." मी म्हणालो, "हो मॅडम." अब्बा ज्या कामासाठी ते ठिपके मारायचे, त्याच कामाला ते आले होते, आणि मी ते खिशात लपवून घरी चाललो होतो.

आठ दिवस तसेच काढले. रोज ठरवायचो, उद्या सांगू. सवयच ती.

मग बायकोनं शर्ट धुवायला घेतला आणि बुश हातात घेऊन आली. आम्ही घरात आमच्या बोलीत बोलतो, तिचं बोलणं इथं मराठीत देतो. म्हणाली, "हे कसलं लोखंड? शर्टाला भोक पडलं." मी सगळं सांगून टाकलं. मला वाटलं होतं ती म्हणेल, जाऊ दे, तुम्ही काय मुद्दाम केलंत? बायका म्हणतात तसं. ती म्हणाली, "त्या नानांच्या बायकोला मी परवा बाजारात बघितलं. मला बघून ती दुसऱ्या बोळात वळली. मला वाटलं, तिला शरम वाटत असेल. शरम तर मला वाटायला पाहिजे होती." आणि बुश माझ्यासमोर ठेवून आत गेली. त्या दिवशी ताटात जेवण वाढलेलं होतं, पण ती समोर बसली नाही.

दुसऱ्या दिवशी बाईंच्या पलूसच्या दवाखान्यात पेशंटांच्या रांगेत नंबर लावून बसलो. आत गेलो आणि टेबलावर बुश ठेवला. लोणंदपासून सांगितलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मी तुम्हाला विचारलं होतं, आधीच गेलेलं असेल का."

"हो मॅडम."

"तुम्ही नाही म्हणालात."

"हो."

त्यांनी बुश हातात फिरवून बघितला. म्हणाल्या, "चाचा, मी नुसता रिपोर्ट बघून कधी औषध देत नाही. माणूस तपासते. चौदा वर्षं माझ्याकडे होता तो माणूस. त्याला मी तपासलंच नाही, तुमच्या मशीनचा रिपोर्ट बघून सोडून दिला." माझ्यासमोरच त्यांनी नानांना फोन लावला. वाजत राहिला, उचलला नाही. मी म्हणालो, आधी मी जाऊन येतो.

नाना एका द्राक्षबागेत भेटले, औषध मारायच्या कामावर. ट्रॅक्टर दुसराच माणूस चालवत होता, तेवीस-चोवीस वर्षांचा असेल, आणि नाना मागं नळी धरून चालत होते. मिशा औषधानं निळसर झालेल्या. मालकानं ट्रॅक्टरची किल्ली त्यांच्या हातात दिलेली नव्हती, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी बांधावर उभा राहिलो. ओळ संपेपर्यंत त्यांनी नळी सोडली नाही. मग आले, हात धुतले आणि बांधावरच्या बोरीखाली बसले.

मी बुश त्यांच्या हातात दिला आणि सगळं सांगितलं. लोणंदचे शेठ, लेथ, तीन ठिपके, सगळं. शाळेच्या माणसाला काय बोललो तेही. नानांनी बुश डोळ्यांजवळ नेऊन बघितला.

म्हणाले, "काम झ्याक केलंय."

मला रडू आलं. बासष्ट वर्षांचा बाप्या, बांधावर बसून रडलो. नानांनी मला गप्पही केलं नाही आणि ते रागावलेही नाहीत. म्हणाले, "चाचा, फौजेत माझ्या ट्रकात सायबाची बायकापोरं बसायची. दरी हिकडं, दरी तिकडं. कुनी कवा मागं वळून इचारलं न्हाई की गाडीवर कोन हाय. आन् आता मला म्हनत्यात, नळी धर."

मी म्हणालो, "मॅडमनी बोलावलंय. मी तुम्हाला घेऊन जातो. त्या माफी मागतायत."

"बाईंचं काय न्हाई. त्यांनी तुमचं ऐकलं." मग माझ्याकडे बघत म्हणाले, "तुमी माझं नाव चारचौघात घालिवलं. आन् आता हितं बांधावर एकट्याला सांगताय. ह्या बोरीला ऐकू गेलं, आनि कुनाला?"

मी म्हणालो, चारचौघात सांगतो. आणि सांगितलंही. त्याच बाकड्यावर, त्याच तिघांना चहा पाजून, बुश दाखवून सगळं सांगितलं. तिघांनी ऐकलं. एक जण म्हणाला, "चाचा, सोडा की, झालं गेलं." दुसऱ्यानं बुश उलटासुलटा करून बघितला आणि हसून म्हणाला, "तुमी मानूस लय दयाळू. त्येचं पोट चालावं म्हनून सवताच्या अंगावर घेताय व्हय?" तिसऱ्यानं मान डोलावली. चोरी म्हणालो तेव्हा तिघांनी एका दमात ऐकलं होतं. चोरी नाही म्हणालो, तर माझ्यावरच विश्वास बसेना.

शाळेतही जाऊन आलो. तिथं बसवर दुसरा माणूस लागलेला होता. तुमचं म्हणणं लक्षात ठेवतो, म्हणाले.

नानांना जाऊन हे सांगितलं. त्यांना नवल वाटलं नाही. त्याच सुमारास संपादकांचा फोन आला होता. मी भीत भीत विचारलं, "नाना, दिवाळी अंकात लिहू का? छापून येईल. नावं बदलतो."

नाना ताडकन म्हणाले, "नावं बदलून काय उपेग? गेलंय ते माझं नावच गेलंय न्हवं? दोनी नावं घाला. पुरी घाला."

बाईंनी त्यांना दोनदा बोलावलं. घरी जाऊन आल्या, हात जोडून आल्या. नानांनी त्यांना चहा दिला, पण कामावर परत गेले नाहीत. बाई आता स्वतःच गाडी चालवतात आणि कवठे महांकाळहून परतताना मधे थांबून डोळ्यांवर पाणी मारतात. तो बुश नानांकडेच आहे. घरात दाराजवळ जिथं ते बाईंच्या गाडीची किल्ली अडकवायचे, त्या खिळ्याला दोऱ्यानं बांधून ठेवलाय. कोणी आलं की काढून दाखवतात.

मीही आता स्कॅनर शेवटी जोडतो. आधी आवरण काढतो, गंजलेलं असलं तरी. वेळ लागतो, कंबर धरते, गिऱ्हाईक कुरकुरतं. बुश कातून देणं बंद केलंय, त्यामुळे काही जण तोंडावर शिव्या घालून दुसरीकडे जातात. दुसरीकडे तो मिळतोच.

तर संपादकसाहेब, माफ करा, गमती एवढ्याच होत्या. जागा कमी पडली तर वरचं काहीही कापा, टिकलीवाले पाटील कापले तरी चालतील. खालचं तेवढं ठेवा.

हणमंत ज्ञानू सूर्यवंशी, निवृत्त हवालदार, यांनी डॉक्टरबाईंच्या गाडीतलं काहीही चोरलेलं नाही. गाडी त्यांच्या हातात आली तेव्हा तो डबा रिकामाच होता. ते कोणाला कळू नये म्हणून बुश मी बसवला होता, आणि विचारलं तेव्हा मशीन खोटं बोलत नाही असंही मीच म्हणालो. मशीनला खोटं बोलायला मीच लावलं होतं.

मौला हुसेन शिकलगार, पलूस.